स्वरांच्या गाठीभेटी

नांदेडला १९९४ साली स्थापन झालेले विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ओळखले जाते. लातुरात दयानंद, राजर्षी शाहू आणि महात्मा बसवेश्वर या नावांची महाविद्यालये आहेत. लातूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. निलंग्याला नीलकंठेश्वराचे जुने मंदिर आहे, तर देगलूर तालुक्यातील होट्टलला सिद्धेश्वराचे. ही नावे आपण रोज पाट्यांवर वाचतो, अर्जांवर लिहितो. पण या प्रत्येक नावात दोन शब्द एकमेकांना भेटले आहेत आणि त्या भेटीत काही स्वर बदलले आहेत, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

राम आणि आनंद भेटले, तेथे ‘आ’ झाला. बसव आणि ईश्वर भेटले, तेथे ‘ए’ झाला. राज आणि ऋषि भेटले, तेथे ‘अर्’ झाला. आणि ‘प्रति’ व ‘एक’ भेटले तेव्हा ‘प्रत्येक’ मध्ये ‘य’ कोठून आला? तो तर दोन्ही शब्दांत नव्हता!

शाळेत याचे उत्तर कोष्टकाच्या रूपाने मिळते. अ अधिक इ बरोबर ए, अ अधिक उ बरोबर ओ, असे ते कोष्टक. विद्यार्थी ते पाठ करतात आणि त्यांना गुणही मिळतात. पण ज्याला कोष्टक तोंडपाठ आहे त्याला ‘असेच का?’ असे विचारून पाहा. बहुधा ‘नियम आहे म्हणून’ एवढेच उत्तर येईल. संस्कृतचा कंटाळा येथूनच सुरू होतो. खरे पाहता स्वरसंधी हा लिहिण्याचा नियम नाही. जीभ, जबडा आणि ओठ बोलताना जे करतात, त्याची ती नोंद आहे. म्हणून हा विषय भाषेचा आहे तितकाच विज्ञानाचाही आहे. त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा प्रत्येकाच्या तोंडात असते.

दोन स्वर शेजारी आले की

व्यंजन म्हणताना आपण हवेला कोठेतरी अडवतो. ‘प’ ला ओठ मिटतात, ‘त’ ला जीभ दातांना टेकते. स्वर म्हणताना असे अडवणे नसते. तोंडाची पोकळी एका विशिष्ट आकारात ठेवून हवा मोकळी सोडायची असते. त्यामुळे व्यंजनानंतर स्वर किंवा स्वरानंतर व्यंजन म्हणणे सोपे जाते. पण स्वरानंतर लगेच दुसरा स्वर आला, तर मध्ये आधार नसतो. हवा न थांबवता एका आकारातून दुसऱ्या आकारात जावे लागते.

अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली, दोन स्वरांमध्ये थोडे थांबणे. दुसरी, पहिल्या स्वराचे व्यंजनासारखे काही करून मध्ये पूल टाकणे. तिसरी, दोन्ही स्वरांचा मिळून एक स्वर करणे. जगातील भाषा या तिन्ही वाटा कमीअधिक प्रमाणात वापरतात. संस्कृतने पहिली वाट शक्य तेथे टाळली आणि उरलेल्या दोन वाटांची काटेकोर शिस्त लावली. तीच स्वरसंधी.

पूल टाकणे : यण्

‘ई’ म्हणा. जीभ टाळूजवळ गेलेली जाणवेल. आता ‘ई–आ, ई–आ’ असे आधी सावकाश आणि मग भराभर म्हणा. पाचसहा वेळांतच ‘या, या’ ऐकू येऊ लागेल. ‘ऊ–आ’ भराभर म्हटले तर ‘वा’ ऐकू येईल. ‘य’ हा जणू घाईत म्हटलेला ‘इ’ आहे आणि ‘व’ हा घाईत म्हटलेला ‘उ’. जिभेची व ओठांची ठेवण जवळजवळ तीच राहते, फक्त तेथे थांबण्याचा वेळ कमी होतो.

प्रति + एक = प्रत्येक, अति + अंत = अत्यंत, इति + आदि = इत्यादि, सु + आगत = स्वागत, अनु + अय = अन्वय. ‘पितृ + आज्ञा = पित्राज्ञा’ मध्ये हेच ‘ऋ’ च्या बाबतीत घडते.

मराठी मुलांना हा नियम शिकवावा लागत नाही, तो त्यांना येतच असतो. काठी – काठ्या, भाकरी – भाकऱ्या, नदी – नद्या ही अनेकवचने पाहा. येथे ‘ई’ पुढे ‘आ’ आला आणि ‘या’ झाला. सासू – सासवा, जाऊ – जावा ही जोडी पाहा. येथे ‘ऊ’ पुढे ‘आ’ आला आणि ‘वा’ झाला. यण्-संधी शिकवताना सुरुवात ‘अत्यंत’ पासून न करता ‘भाकऱ्या’ पासून केली, तर नियम परका वाटणार नाही.

पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात (६.१.७७) हा सगळा व्यवहार अवघ्या तीन पदांत सांगितला आहे. त्याच्या वर्णांच्या यादीत इ, उ, ऋ, ऌ हे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पुढे य, व, र, ल येतात. दोन याद्यांची संख्या सारखी असेल तर पहिल्याची जोडी पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी लावावी, असा वेगळा नियम त्याने आधीच (१.३.१०) सांगून ठेवला आहे. म्हणून चार नियमांच्या जागी एकच पुरतो. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमाराची ही मांडणी आजही बीजगणिताच्या सूत्रासारखी वाटते.

हरवलेला ‘अ’

आता ‘बसवेश्वर’ कडे वळू. ‘बसव + ईश्वर’ हे मराठी मुलाला म्हणायला सांगा. तो ‘बसव्’ म्हणेल आणि मग ‘ईश्वर’. दोन्ही भराभर म्हटले की ‘बसवीश्वर’ होईल. मग ‘ए’ आला कोठून?

येथेच खरी अडचण आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून ती सहसा सांगितली जात नाही. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बहुतेक वेळा उच्चारत नाही. लिहितो राम, म्हणतो राम्. लिहितो देव, म्हणतो देव्. जोडाक्षरानंतर मात्र तो थोडा ऐकू येतो, उदाहरणार्थ सिद्ध, सूर्य. संस्कृतमध्ये शेवटचा ‘अ’ पुरता उच्चारला जातो. म्हणजे संधीत जो स्वर भाग घेतो, तोच नेमका आपल्या विद्यार्थ्याच्या तोंडात नसतो! जी गोष्ट ऐकूच येत नाही ती दुसऱ्या गोष्टीत मिसळली, असे सांगितले तर ते मनमानीच वाटणार.

उपाय सोपा आहे. फळ्यावर ‘बसव’ लिहून शेवटच्या ‘अ’ सकट म्हणायला सांगा : ब–स–व–अ. आता त्याला ‘ईश्वर’ जोडा.

मराठीतील जोडशब्दही हेच सांगतात. ‘हातउसने’ हा शब्द आपण ‘हातुसने’ असा म्हणतो, ‘हातोसने’ असा कोणी म्हणत नाही. ‘दूध उत्पादक संघ’ असतो, ‘दूधोत्पादक’ नसतो. दुग्ध हा संस्कृत शब्द घेतला की मात्र ‘दुग्धोत्पादन’ होते. मराठीच्या तोंडात ‘हात्’ आणि ‘दूध्’ यांच्या शेवटी स्वरच नाही. मग उकाराशी मिसळणार कोण?

उलट शब्दाच्या शेवटी ‘आ’ असेल, तर तो मराठीतही स्पष्ट ऐकू येतो आणि संधी सहज होते. ‘जिल्हाधिकारी’ हा शब्द पाहा. ‘जिल्हा’ मूळ अरबी आणि ‘अधिकारी’ संस्कृत. तरी आ + अ = आ हे बिनतक्रार घडले. ‘तालुकाध्यक्ष’ तसाच. बसवेश्वरांच्या नावातला ‘बसव’ हा शब्दही कन्नडच्या वाटेने आलेला आहे. स्वामी रामानंद तीर्थांचे संन्यासापूर्वीचे नाव व्यंकटेश होते. त्यातही वेंकट + ईश हीच जोडणी आहे आणि ‘वेंकट’ हे दक्षिणेतील टेकडीचे नाव आहे. शब्द कोठून आला हे संधी विचारत नाही. शेजारी कोणता स्वर आहे एवढेच ती पाहते.

मिसळणे : दीर्घ, गुण आणि वृद्धी

दोन सारखे स्वर भेटले तर जीभ हलवण्याचे कारणच नसते. त्याच ठेवणीत थोडे अधिक थांबले की काम होते. राम + आनंद = रामानंद, दया + आनंद = दयानंद, महा + आत्मा = महात्मा, गिरि + ईश = गिरीश, गुरु + उपदेश = गुरूपदेश. प्राचीनांनी स्वरांचा काळ मात्रांत मोजला. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. दोन ऱ्हस्व मिळून एक दीर्घ, हा हिशेब सरळ आहे. पण ‘दया + आनंद’ मध्ये दोन अधिक दोन अशा चार मात्रा व्हायला हव्यात. तशा त्या होत नाहीत, दोनच राहतात. संधीत भांडे दोन मात्रांचे, वरचे सांडून जाते.

लातूरच्या इतिहासात याचे एक भारदस्त उदाहरण आहे. आठव्या ते दहाव्या शतकांत दख्खनवर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूटांचे मूळ स्थान लट्टलूर, म्हणजेच आजचे लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्यांच्या कोरीव लेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ अशी पदवी येते. तिचा शेवट सोडवा : वर + अधि + ईश्वर. अ + अ = आ, इ + ई = ई. एका पदवीत दोन दीर्घसंधी.

आता वेगळे स्वर. हनुवटीखाली हात ठेवा आणि ‘आ’ म्हणा. जबडा खाली गेलेला जाणवेल. आवाज न तोडता सावकाश ‘ई’ कडे जा. वाटेत काय ऐकू आले? ‘ए’. असेच ‘आ’ पासून ‘ऊ’ कडे जा. वाटेत ‘ओ’ लागेल. ‘आ’ ला जीभ खाली असते, ‘ई’ ला वर आणि पुढे असते. ‘ए’ त्या दोहोंच्या मधला मुक्काम. म्हणून बसव + ईश्वर = बसवेश्वर, सिद्ध + ईश्वर = सिद्धेश्वर, सूर्य + उदय = सूर्योदय, पुरुष + उत्तम = पुरुषोत्तम. जुन्या व्याकरणकारांनी ‘अ’ ला कंठ्य, ‘इ’ ला तालव्य आणि ‘ए’ ला कंठतालव्य म्हटले. ‘ओ’ ला म्हटले कंठोष्ठ्य. म्हणजे ‘ए’ आणि ‘ओ’ यांच्या नावांतच त्यांची घडण सांगून ठेवली आहे.

‘राजर्षि’ त्याच माळेतला. आपण मराठीत ‘ऋ’ चा उच्चार ‘रु’ करतो, त्यामुळे नाते दिसत नाही. मुळात ‘ऋ’ म्हणजे स्वरासारखा लांबवलेला ‘र्’. त्याच्याआधी ‘अ’ आला की स्वराचे काम ‘अ’ करतो आणि ‘ऋ’ चा नुसता ‘र्’ उरतो. राज + ऋषि = राजर्षि, महा + ऋषि = महर्षि. (मराठीच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार आपण शेवटी दीर्घ ‘षी’ लिहितो. संधी सोडवताना मूळ ऱ्हस्व ‘ऋषि’ ध्यानात ठेवावा.)

‘ए’ चे पोट उघडले तर

‘एक + एक = एकैक’, ‘सदा + एव = सदैव’, ‘मत + ऐक्य = मतैक्य’, ‘महा + औषधि = महौषधि’. ही वृद्धी. येथे अ + ए = ऐ का व्हावे, हे आजच्या उच्चारावरून कळत नाही. त्यासाठी ‘ए’ चा इतिहास पाहावा लागतो.

संस्कृतमधील ‘ए’ आणि ‘ओ’ हे फार पूर्वी ‘अइ’ आणि ‘अउ’ असे जोडस्वर होते. याचा पुरावा भारताबाहेर मिळाला. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोई येथे हित्ती राज्याच्या राजधानीचे अवशेष आहेत. तेथील मातीच्या विटांवर इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमाराचा, घोड्यांना शिकवण्यासंबंधीचा एक ग्रंथ सापडला. मितन्नी राज्यातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा तो आहे. घोड्याला एक फेरी मारून आणण्यासाठी त्यात ‘ऐकवर्तन्न’ असा शब्द येतो. ‘वर्तन्न’ म्हणजे वर्तन, फिरणे. आणि आपला ‘एक’ तेथे ‘अइक’ आहे! इराणी भाषांतही तसेच. संस्कृत ‘देव’ चे जुन्या फारसीतील रूप ‘दइव’.

‘ए’ म्हणजे ‘अइ’ हे एकदा ध्यानात घेतले की कोष्टकाच्या निम्म्या ओळी आपोआप उलगडतात. एक + एक म्हणजे ‘अ’ पुढे ‘अइ’. दोन ‘अ’ मिळून ‘आ’ होतो, म्हणून ‘आइ’, म्हणजेच ‘ऐ’. ‘ऐ’ हा ‘आइ’ चा वारस आणि ‘औ’ हा ‘आउ’ चा.

मग अयादी संधी पाहा. ने + अन = नयन. ‘ने’ म्हणजे ‘नइ’. पुढे ‘अ’ आला. ‘इ’ पुढे स्वर आला की ‘य’ होतो, हे ‘भाकऱ्या’ मध्ये पाहिलेच. न–इ–अ–न चे झाले नयन. गै + अक म्हणजे गा–इ–अक, म्हणून गायक. पो + अन म्हणजे प–उ–अन, म्हणून पवन. नौ + इक म्हणजे ना–उ–इक, म्हणून नाविक. जो नियम कोष्टकात वेगळा पाठ करावा लागतो, तो यण्-संधीच आहे.

मात्र सगळेच हिशेबाने सुटते असे नाही. ‘महा + ईश’ मध्ये पहिला स्वर ‘आ’ आहे. गणिताने ‘ऐ’ यायला हवा, पण होते ‘महेश’. येथे भाषेने ‘आ’ ची जादा लांबी सोडून दिली. तेवढे लक्षात ठेवावेच लागते. पण चाळीस ओळी पाठ करणे आणि तीन हालचाली समजून घेऊन एखादा अपवाद ध्यानात ठेवणे, यांत मोठा फरक आहे.

राजा आला आणि राजाला

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे एका जोडशब्दातली आहेत. संस्कृतची खरी शिस्त वाक्यात दिसते. तेथे स्वतंत्र शब्दांच्या सीमेवरही स्वर मिसळतात. ‘राजा आगच्छति’ (राजा येतो) हे संहितेत ‘राजागच्छति’ होते. ‘नदी अत्र’ चे ‘नद्यत्र’ होते.

मराठीत आपण असे करत नाही. ‘राजा आला’ आणि ‘राजाला’ हे वेगळेच ठेवतो. एकजीव केले तर येणारा राजा आणि ज्याला काही द्यायचे तो राजा यांत घोटाळा होईल. पण मराठी शब्दांच्या सीमेवर काहीच करत नाही असेही नाही. ‘आलो आहे’ चे ‘आलोय’, ‘गेली आहे’ चे ‘गेलीय’, ‘बसला आहे’ चे ‘बसलाय’ हे आपण दिवसभर बोलतो. लातूर-नांदेडकडच्या बोलीतील ‘मी जेवायलोय’, ‘तो काम करायलाय’ यांतही शेवटचा ‘आहे’ झिजून फक्त ‘य’ उरला आहे. दोन स्वरांमधली फट येथेही बुजवली गेलीच. मराठीने ती मुभा मुख्यतः ‘आहे’ सारख्या सतत वापरल्या जाणाऱ्या शब्दापुरती ठेवली. संस्कृतने ती वाक्यभर दिली.

मग घोटाळा टाळण्यासाठी संस्कृतने काय केले? एक सुंदर उदाहरण पाहू. ‘वने’ या रूपाचे दोन अर्थ आहेत : ‘वनात’ (सप्तमी एकवचन) आणि ‘दोन वने’ (प्रथमा द्विवचन). पुढे ‘अत्र’ (येथे) आला, तर ‘वनात’ या अर्थी ‘वनेऽत्र’ असे होते. ‘ए’ पुढचा ‘अ’ गडप होतो आणि त्याची खूण म्हणून अवग्रह (ऽ) लिहितात. पण ‘दोन वने’ असा अर्थ असेल तर ‘वने अत्र’ असे सुटेच राहते. द्विवचनाची ई, ऊ, ए यांनी संपणारी रूपे संधीपासून मुक्त असतात. त्यांना ‘प्रगृह्य’ म्हणतात. कानाला एकच असणारे दोन ‘वने’ पुढच्या शब्दाशी कसे वागतात यावरून ओळखू येतात. सांधा झाला नाही, हीच माहिती.

आणखी एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ‘रामः आगच्छति’ मधील विसर्ग जाऊन ‘राम आगच्छति’ होते. मग आता अ आणि आ शेजारी आलेच आहेत, तर पुढे ‘रामागच्छति’ का होत नाही? प्रश्न उत्तम आहे. पाणिनीने आपले काही नियम ग्रंथाच्या शेवटच्या तीन पादांत (८.२ ते ८.४) ठेवले. तेथे घडलेला बदल आधीच्या नियमांना ‘दिसत नाही’ अशी व्यवस्था केली. विसर्गाच्या जागी क्षणभर येणाऱ्या ‘य्’ चा लोप तेथे (८.३.१९) आहे, तर दीर्घसंधीचा नियम आधी, सहाव्या अध्यायात. त्याच्या दृष्टीने ‘राम’ आणि ‘आगच्छति’ यांच्यामध्ये अजून कोणीतरी बसलेले आहे. कोणता नियम आधी लागू करायचा आणि कोणत्याने कोणता बदल पाहायचा नाही, हा प्रश्न आज संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्यालाही पडतो.

नांदेडचे शेष आणि आपले पाठ्यपुस्तक

पाणिनीच्या ग्रंथात संधीचे नियम सहाव्या आणि आठव्या अध्यायांत विखुरलेले आहेत. मग आपण व्याकरणाच्या आरंभीच ‘स्वरसंधी, व्यंजनसंधी, विसर्गसंधी’ असे का शिकतो? हा क्रम कौमुदी परंपरेने रुळवला. रामचंद्राच्या प्रक्रियाकौमुदीने सूत्रे विषयवार लावली. सोळाव्या शतकात काशीत शेष कृष्ण या पंडिताने तिच्यावर ‘प्रक्रियाप्रकाश’ ही टीका लिहिली. हे शेष घराणे मूळचे गोदाकाठच्या नांदेडचे मानले जाते. शेष कृष्णांचे शिष्य भट्टोजी दीक्षित. त्यांची ‘सिद्धान्तकौमुदी’ पुढे देशभर प्रमाण मानली गेली. तिच्यात संज्ञा आणि परिभाषा झाल्या की लगेच अच्-संधी येतो. अच् म्हणजे स्वर. आपल्या पाठ्यपुस्तकातले ‘स्वरसंधी’ हे प्रकरण त्याच वाटेने आले.

पुढे भट्टोजींनी ‘प्रौढमनोरमा’ मध्ये आपल्या गुरूंच्या टीकेतील मते खोडून काढली. शेष कृष्णांचे पुत्र वीरेश्वर यांचे शिष्य जगन्नाथ पंडित यांनी त्याला तिखट उत्तर लिहिले. गुरूचे मत तपासून पाहता येते आणि शिष्याच्या मतालाही उत्तर देता येते, ही या परंपरेची निरोगी बाजू. ‘सिद्धान्त’ (सिद्ध + अन्त) आणि ‘वीरेश्वर’ (वीर + ईश्वर) या नावांतील संधी वाचकांनी आतापर्यंत सोडवल्या असतीलच.

उलटी वाट अवघड

संधी करणे एका दिशेचा रस्ता आहे. दोन शब्द दिले की उत्तर बहुधा एकच येते. पण उत्तरावरून शब्द शोधताना तसे नसते. ‘आ’ हा चार जोड्यांतून येऊ शकतो : अ + अ, अ + आ, आ + अ, आ + आ. शिवाय तो मुळातच एका शब्दाचा ‘आ’ असू शकतो. म्हणून ‘विद्यालय’ हा शब्द नियमांच्या दृष्टीने दोन प्रकारे सुटतो : विद्या + आलय, म्हणजे विद्येचे घर. आणि विद्या + लय, म्हणजे विद्येचा नाश! नियम दोन्ही मान्य करतात. कोणते खरे ते अर्थ ठरवतो. (आपल्या शाळेच्या बाबतीत काय खरे, ते अर्थात आपल्यावर अवलंबून आहे.)

हीच अडचण संगणकाला येते. पॅरिसमधील संगणकतज्ज्ञ जेरार ह्युए आणि हैदराबाद विद्यापीठातील अंबा कुलकर्णी यांनी संस्कृत वाक्ये सोडवणाऱ्या संगणक-प्रणाली तयार केल्या आहेत. एका लहानशा वाक्याचेही नियमाने अनेक विग्रह निघतात आणि त्यांतून योग्य तो निवडणे हे खरे काम ठरते. संधी करताना माहिती गमावली जाते. गमावलेली माहिती परत मिळवण्यासाठी शब्दसंग्रह आणि अर्थाचे भान लागते. म्हणून विद्यार्थ्याला ‘संधी सोडवा’ हा प्रश्न ‘संधी करा’ पेक्षा कठीण वाटत असेल, तर तो त्याचा आळस नव्हे. प्रश्नच तसा आहे.

वर्गात करून पाहा

१. प्रत्येक विद्यार्थ्याने घरापासून शाळेपर्यंतच्या पाट्यांवरील पाच संधियुक्त नावे टिपून आणावीत. दुकाने, देवळे, पतसंस्था, गल्ल्या, काहीही चालेल. वर्गात त्यांचे चार गट करावेत : सारखे स्वर मिसळलेले, मधल्या मुक्कामावर (ए, ओ, अर्) आलेले, ऐ-औ झालेले, आणि य-व-र चा पूल असलेले. कोणता गट सर्वांत मोठा निघतो? सर्वांत लहान कोणता?

२. जोडीने बसून एकाने ‘आ’ पासून ‘ई’ पर्यंत आवाज न तोडता जावे. दुसऱ्याने ‘ए’ ऐकू येताच हात वर करावा. मग ‘आ’ ते ‘ऊ’ करून पाहावे.

३. मराठीतील ईकारान्त आणि ऊकारान्त स्त्रीलिंगी नामांची अनेकवचने लिहावीत. कोठे ‘य’ येतो, कोठे ‘व’? कोठे दोन्ही येत नाहीत? अपवादांची वेगळी यादी करावी.

४. महात्मा, विद्यार्थी, जिल्हाधिकारी हे शब्द नियमांच्या दृष्टीने किती प्रकारे सुटतात ते शोधावे. त्यांतील कोणते विग्रह अर्थामुळे बाद होतात ते कारणासह सांगावे.

५. अकारान्त नामांची यादी करून प्रत्येक शब्द आधी मराठी पद्धतीने आणि मग शेवटचा ‘अ’ पुरता उच्चारून म्हणावा. त्यानंतरच त्याला ईश, उदय, ऋषि हे शब्द जोडावेत.

या पाच गोष्टींना दोन तासिका पुरतात. त्यांनंतर कोष्टक फळ्यावर लिहिले तरी चालेल, कारण आता ते मुलांनी स्वतः काढलेल्या निष्कर्षांची यादी असेल. एखादी ओळ विसरली तर विद्यार्थी ती दोन शब्द भराभर म्हणून पुन्हा मिळवू शकेल.